पिझ्झ्यावर की पिझ्झावर, आणि सुशी ‘ती’ का?

कोथरूडच्या एका ताईंचा प्रश्न आलाय. त्यांच्या सोसायटीत देशोदेशीच्या खाण्याचे स्टॉल लागणारेत, पाट्या मराठीतच करायच्या असं ठरलंय, आणि त्यावरून कमिटीत वाद सुरू झालाय. ‘पिझ्झ्याचे प्रकार’ लिहायचं की ‘पिझ्झाचे प्रकार’? ‘ताजी सुशी’ बरोबर आहे का? रामेन ताजा, ताजी की ताजं? मोमो की मोमोज? त्यात एका काकांनी सांगितलं की इटालियनमध्ये पिझ्झा स्त्रीलिंगी आहे, त्यामुळे मराठीतही ‘ती पिझ्झा’च म्हणायला हवं, आणि ते ऐकून सगळेच गप्प झाले.

काकांची माहिती अगदी बरोबर आहे. इटालियनमध्ये पिझ्झा, पास्ता, पोलेंटा, लझान्या हे सगळे शब्द स्त्रीलिंगीच आहेत. पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला मुळीच पटत नाही, कारण शब्द मराठीत आला की त्याचं लिंग मराठी कान ठरवतो, शब्दाच्या माहेरचं व्याकरण नाही. आणि हे काही आजचं नाही. बटाटा घ्या ना. हा शब्द आपण पोर्तुगीजांकडून घेतला, त्यांच्या भाषेत तो स्त्रीलिंगी आहे, आणि आपण काय केलं तर सरळ तो बटाटा, ते बटाटे, बटाट्याची भाजी. मंडईत कोणी ‘बटाटा कशी दिली’ असं विचारत नाही आणि त्यात पोर्तुगीज भाषेचा अपमान झाला असंही कोणाला वाटत नाही. पिझ्झा बटाट्याच्याच वाटेने गेलाय, इतकंच.

आता असं का होतं तर आपल्या ताटातच बघा. वडा, शिरा, डोसा, पराठा, हलवा, पेढा, चिवडा, झुणका, ठेचा, रस्सा, मुरांबा, कांदा, मुळा, भोपळा, मका. शेवटी आ आला की पदार्थ पुल्लिंगी. शाळा, भाषा, कथा, जागा, हवा असे आकारान्त स्त्रीलिंगी शब्द मराठीत भरपूर आहेत पण रोजच्या खाण्यातला एखादा आठवून बघा बरं, पटकन सापडणार नाही. म्हणजे खाण्याच्या वस्तूपुरता तरी आपल्या कानाचा हिशोब पक्का झालेला आहे, आणि म्हणून पिझ्झा, पास्ता, बकलावा, शावर्मा, मुसाका हे वेगवेगळ्या देशांतून आलेले शब्द कोणी न शिकवता ‘तो’ होऊन बसले. तसंच उलट बाजूला पोळी, भाकरी, भाजी, आमटी, पुरी, इडली, बर्फी, खिचडी. शेवटी ई, म्हणून ती. जपानीत नामांना लिंगच नसतं, कोरियनमध्येही नसतं, तरी सुशी आणि किमची मराठीत आल्या त्या ‘ती’ होऊनच आल्या. सुशीसारखा आंबवलेल्या भाताच्या परंपरेतून आलेला पदार्थ असो की कोरियात घराघरांत थंडीच्या आधी घालतात ती किमची, म्हणजे मसाला लावून मुरवलेल्या भाज्या, असो (ती एकत्र बसून घालण्याची पद्धत, किमजांग, युनेस्कोने २०१३ साली वारसा म्हणून नोंदवलीय), मराठी माणूस ‘किमची मस्त मुरलीय’ असंच म्हणणार. लोणी आणि दही नपुंसकलिंगी आहेत आणि कोबी आपण ‘चिरला’ म्हणतो हे खरं, पण हे जुने घरचे अपवाद आहेत, नवीन येणारा ईकारान्त पदार्थ त्यांच्या मागे जाताना मला तरी दिसत नाही.

स्पगेटीचं तर मला फार आवडतं. इटालियनमध्ये ते पुल्लिंगी अनेकवचन आहे, मूळ शब्द स्पागो म्हणजे सुतळी, त्यावरून बारीक सुतळ्या. आपण शेवटचा ई ऐकला आणि तिला स्त्रीलिंगी एकवचन करून टाकलं, ‘स्पगेटी झाली का?’ पनीनीचंही तेच, तिकडे एक असेल तर पनीनो आणि अनेक असतील तर पनीनी, इकडे ‘एक पनीनी घेतली’. यात चूक काहीच नाही, कोणतीही भाषा असंच करते.

बरं, अनेकवचनाची एक गंमत काकांना जरूर सांगा. इटालियनमध्ये पिझ्झाचं अनेकवचन होतं शेवटी ए लावून, कारण तिकडे आकारान्त स्त्रीलिंगी नामाचं तसं होतं. मराठीत आकारान्त पुल्लिंगी नामाचं अनेकवचनही ए लावूनच होतं, वडा वडे, डोसा डोसे. म्हणजे नेपल्समध्ये (तिथल्या पिझ्झा करणाऱ्यांची कला २०१७ पासून युनेस्कोच्या यादीत आहे) दोन मागवल्या तरी शेवटी ए, आणि पुण्यात आपण ‘दोन पिझ्झे’ म्हटलं तरी शेवटी ए. लिंग वेगळं, नियम वेगळा, पण दोघं येऊन पोचतात एकाच रूपाशी. इंग्रजीचं ‘पिझ्झाज’ मधे आणायची काहीच गरज नाही.

आता मुख्य भांडण, पिझ्झ्यावर की पिझ्झावर. याला व्याकरणात सामान्यरूप म्हणतात, प्रत्यय लागण्याआधी नाम थोडं बदलतं ते. आकारान्त पुल्लिंगी असेल तर आ चा या होतो, वड्याचा, पराठ्यावर, हलव्यात. शेवटी सा असेल तर शा होतो, ससा सशाचा, घसा घशात, डोसा डोशाचं पीठ, समोसा समोशात. आणि समोसा काही आपला नव्हे, तो फारसीतून आलाय, तरी त्याला आपण हा सगळा फेरफार करायला लावला. त्या न्यायाने पिझ्झ्यावर, पास्त्यात, शावर्म्याचा, मुसाक्याला ही रूपं पूर्ण नियमात बसणारी आहेत. लझान्याची तर मजाच, त्याच्या शेवटी आधीच या आहे त्यामुळे लझान्या आणि लझान्याचा, बदलायला काही उरतच नाही.

मग लोक ‘पिझ्झावर’ का म्हणतात? दोन कारणं मला दिसतात. एक म्हणजे झ्झ्या हा उच्चार जिभेला खरंच जड जातो, लिहायलाही आणि टाइप करायलाही. दुसरं म्हणजे चहा. चहा हा मूळचा चिनी शब्द, शेवटी आ, पुल्लिंगी, आणि तरीही तो बदलत नाही, ‘दोन चहा सांग’, ‘चहात साखर नको’. कोणी दोन चहे म्हणत नाही. म्हणजे न बदलणाऱ्या आकारान्त शब्दाचं एक घट्ट उदाहरण आपल्याकडे रोज सकाळी असतंच, त्यामुळे ‘पिझ्झावर चीज जास्त घाल’ असं म्हणणाऱ्या मुलीला एकदम अशुद्ध ठरवू नका. पण पाटीवर लिहायचं असेल तर मी ‘पिझ्झ्याचे प्रकार’च लिहीन, ठामपणे. कारण सामान्यरूप हे शब्द रुळल्याची खूण असते. पाव पोर्तुगीज आहे, पण आपण ‘पावाला लोणी लाव’ म्हणतो, ‘पावला’ नाही. आणि ब्रेड, तीच वस्तू, इंग्रजीतून नंतर आला, त्याला अजून ‘ब्रेडला’ म्हणतो, ‘ब्रेडाला’ कोणी म्हणत नाही. बिस्कीट मात्र पूर्ण रुळलंय, ‘बिस्किटाचा पुडा’ लिहिताना त्यातली ‘की’ ऱ्हस्व होते, जशी ‘गरीब’मधली ‘री’ ‘गरिबाला’ लिहिताना होते. कॅम्पातल्या कयानी बेकरीपुढे रांगेत उभं राहून श्रूजबेरी बिस्किटं घेणाऱ्या कोणालाही वाटत नाही की आपण इंग्लंडमधल्या एका गावाचं नाव घेऊन मराठी नपुंसकलिंगी अनेकवचन वापरतोय.

पावाचा विषय निघालाच आहे तर, पोर्तुगीज लोकांनी गोवा घेतलं १५१० साली आणि ते जपानला पोचले १५४३ मध्ये, आणि जपानी लोक आजही पावाला ‘पान’ म्हणतात, तो आणि आपला पाव एकाच पोर्तुगीज शब्दाची लेकरं. टेम्पुरासुद्धा त्याच ओळखीतून आलाय. टेम्पुरा म्हणजे पातळ पिठात बुडवून तळलेल्या भाज्या नि मासळी, आपण भजी म्हणू, पण शेवटी आ आहे म्हणून तो टेम्पुरा.

शेवटी आ नाही आणि ई पण नाही, मग काय? इथे खरी ओढाताण असते. व्यंजनावर थांबणारे परदेशी शब्द बरेचसे नपुंसकलिंगात जातात, ते सूप, ते सॅलड, ते ऑम्लेट, ते चॉकलेट, ते आईस्क्रीम. पण केक तो, टोस्ट तो, ब्रेड तो. माझं निरीक्षण असं की अशा वेळी मराठी माणूस पदार्थ बघतो आणि आपल्याकडे त्याच्या जवळचं काय आहे ते शोधतो. ब्रेड तो, कारण पाव तो. रामेन हे भरपूर रश्शातलं, वाडग्यात येणारं, म्हणून सुपाच्या रांगेत बसतं, ते रामेन. फलाफल म्हणजे हरभऱ्याचा वाटून तळलेला वडाच (इजिप्तमध्ये हरभऱ्याऐवजी बाकल्याच्या शेंगांतले दाणे घेतात), म्हणून तो फलाफल. फ्रेंच लोकांचा लांबलचक पाव, ज्याची कारागिरी युनेस्कोने २०२२ साली नोंदवली, तो तिकडे स्त्रीलिंगी पण इकडे पावामुळे तो बगेट. त्याचा फ्रेंच उच्चार जवळजवळ ‘बागेत’ असा आहे, पण पाटीवर तसं लिहू नका, लोक बाग शोधायला जातील. बगेट लिहा.

शब्दाचा शेवट एक सांगतो आणि पदार्थ दुसरंच सांगतो असंही होतं. इथिओपियाचा इंजेरा बघा. तेफ नावाच्या बारीक धान्याचं पीठ काही दिवस आंबवून मोठ्या तव्यावर एकाच बाजूने भाजतात, वर सगळी जाळी पडते, आणि त्याच्यावरच रस्से वाढून त्याचेच तुकडे मोडून खातात. बघितल्या बघितल्या मराठी माणूस म्हणेल आंबोळी, आणि आंबोळी ती. पण डोसाही तसाच आणि तो तो. इथे शेवटच्या आ ला मान द्यावा असं मला वाटतं, तो इंजेरा. टोर्टिया जास्त कठीण आहे. मेक्सिकोत मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, भिजत ठेवून मग वाटतात, त्याने साल सुटतं, पीठ लाटण्या-थापण्याजोगं चिकट होतं आणि मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व अंगी लागतं. युरोपात मका गेला पण ही चुन्याची रीत गेली नाही, आणि उत्तर इटलीत नुसत्या पोलेंट्यावर, म्हणजे मक्याच्या पिठाच्या घट्ट लापशीवर, जगणाऱ्या गरिबांना पेलाग्राने, म्हणजे नायसिन कमी पडल्याने होणाऱ्या आजाराने, पिढ्यान्‌पिढ्या छळलं. तर त्या पिठाची थापलेली टोर्टिया ही इतकी उघडउघड भाकरी आहे की माझ्या कानाला ‘ती टोर्टिया’ बरोबर वाटतं, ‘तो’ म्हणणारेही भेटतात, भांडू नका. फक्त स्पेनच्या पदार्थाचा स्टॉल असेल तर लक्षात ठेवा, तिकडे टोर्टिया म्हणजे बटाटा घातलेलं जाड ऑम्लेट, ते वेगळं.

मोमो. मूळ तिबेटी-नेपाळी शब्द मोमो एवढाच आहे, शेवटचा ज इंग्रजी अनेकवचनाचा, आणि तो चिकटून आता एफसी रोडवर ‘एक प्लेट मोमोज’ पक्कं झालंय. पण मराठीत आकारान्त सोडून बाकीची पुल्लिंगी नामं अनेकवचनात बदलतच नाहीत, एक लाडू चार लाडू, एक मोदक अकरा मोदक. मोमो तर दिसायला मोदकाचाच भाऊ, म्हणून तो मोमो, आठ मोमो, बास. तसेच तीन टाको. पाटीवर ‘वाफाळते मोमो’ लिहा, सुंदर दिसेल.

नूडल्सला मात्र एकवचन मराठीत आलंच नाही, आणि पुण्यात ‘नूडल्स केले’ आणि ‘नूडल्स केल्या’ दोन्ही ऐकू येतं. मी केल्या म्हणतो कारण शेवया केल्या म्हणतो.

आणि ताई, पाट्यांसाठी एक युक्ती. आपल्या चवीची विशेषणं बघा, गोड, आंबट, खारट, तिखट, कडू, तुरट, एकही लिंगाप्रमाणे बदलत नाही. गरमागरम, खमंग, चविष्ट, कुरकुरीत पण नाही. अडचण येते ती ताजा, ओला, कोरडा असल्या शब्दांनी. त्यामुळे जिथे कमिटीचं एकमत होत नसेल तिथे ‘आंबटसर टोर्टिया सूप’, ‘खमंग फलाफल’, ‘गरमागरम नूडल्स’ असं लिहून मोकळे व्हा. आणि जिथे ‘ताजा’ लिहायचंच असेल तिथे ताजी सुशी, ताजा इंजेरा, ताजं रामेन, ताजे मोमो.