रस्त्याचे कागद मागताय? सुनावणीत सही जपून करा

दादा, तुमची पोस्ट काल रात्री दोनदा वाचली. फुलेवाडीच्या पुढं घर, दारातला रस्ता काँक्रीटचा झाला, तो उंबऱ्यापेक्षा फूटभर वर गेला आणि पहिल्याच मोठ्या पावसात पाणी घराच्या पुढच्या सोप्यात शिरलं. तुम्ही माहिती अधिकारात विचारलंत, "रस्ता उंच का केला? जबाबदार कोण? आमचं नुकसान कोण भरून देणार?" त्यावर उत्तर आलं, "सदर माहिती प्रश्नार्थक स्वरूपाची असल्याने देता येत नाही." आता नवा अर्ज करायचा, अपील करायचं की थेट पुण्याला राज्य माहिती आयोगाकडं जायचं, असं तुम्ही विचारताय.

जवळजवळ याच शब्दांतलं पत्र माझ्या कपाटात आहे, जुलै २०१६ चं. आमचं गाव करवीर तालुक्यातलंच. मार्चअखेर रस्ता झाला आणि जूनमध्ये घरात पाणी. पंचगंगेला पूर नाही, राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीच्या कितीतरी खाली, आणि आमच्या सोप्यात घोटाभर पाणी. आई तेव्हा अंथरुणाला खिळलेली होती, तिची खाट विटांवर चढवून ठेवली होती. त्या रागात मी "का" नं सुरू होणारे सहा प्रश्न लिहून दिले. कार्यालयाचं नाव सांगणार नाही.

अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, जोडपत्र 'अ' चा नमुना, उत्तराला तीस दिवस हे सगळं तुम्हाला येतंय, ते परत लिहीत नाही.

आधी "का" चं बोलू. त्या उत्तराचा राग येतो, पण त्यावर भांडत बसू नका. कायद्यानं कार्यालयात जे कागदावर आहे तेवढंच मागता येतं. जे लिहिलेलंच नाही त्याचं स्पष्टीकरण तयार करून द्यायला माहिती अधिकारी बांधील नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्येच सांगितलंय. कलम ४(१)(घ) प्रमाणं बाधित माणसाला निर्णयाची कारणं कळवणं हे कार्यालयाचं कर्तव्य आहे, आणि काही जाणकार त्यावरून अपील लढवायला सांगतात. लढवता येतं, नाही असं नाही. पण माझं मत विचाराल तर तुमचे महिने त्यात जातील, आणि तुमच्याकडं महिने नाहीत. ते का, ते खाली लिहितो.

"का" चं उत्तर कागदात असतंच, फक्त ते कागद नाव घेऊन मागावे लागतात. कामाचं नाव आणि वर्ष लिहा आणि मागा: प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तकाची (जागेवर किती काम झालं त्याची नोंदवही) त्या कामाची पानं, अंतिम देयक, काम पूर्ण झाल्याचा दाखला, चाचणी अहवाल आणि निविदेतल्या दोषदायित्वाच्या अटीचं पान, म्हणजे काम झाल्यावर किती काळ ठेकेदारानं दोष स्वखर्चानं दुरुस्त करायचे ती अट. यातले दोन कागद शेजारी शेजारी ठेवून वाचायचे, अंदाजपत्रक आणि मोजमाप पुस्तक. जुना थर उकरून काढायचा होता का, हे पहिल्यात कळतं. तो काढला असं दाखवून पैसे दिले का, हे दुसऱ्यात. तिसरी गोष्ट तुमच्या दारात आहेच, टेप लावून मोजा आणि तारखेसकट फोटो काढून ठेवा. आपल्या राज्यात २०१२ पासून अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांत बसवायचा नियम आहे, त्यामुळं पाण्याची, रस्त्याची आणि दिव्याच्या खांबाची गाऱ्हाणी एका अर्जात कोंबू नका. अर्ज परत यायला तेवढं निमित्त पुरतं.

आता माझी चूक. ही कुठल्याच मार्गदर्शक पुस्तिकेत वाचायला मिळाली नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

मी पहिलं अपील केलं, म्हणजे त्याच कार्यालयातल्या वरच्या अधिकाऱ्याकडं. ऑक्टोबर २०१६ मध्ये सुनावणी लागली. मी तयारीनं गेलो होतो, अर्ज, पत्र, फोटो, सगळं फाईलला लावून. अपिलीय अधिकारी फार सौजन्यानं बोलले. बसायला खुर्ची दिली, चहा मागवला. म्हणाले, "काका, तुम्ही एवढे जाणते. प्रश्न कशाला विचारताय, तुम्हाला कागदंच पाहिजेत न्हवं? आठवड्यात घरपोच देतो. हे अपील निकाली काढू या, उगं दोघांचाही वेळ कशाला?" शेजारच्या क्लार्कनं रोजनामा, म्हणजे सुनावणीत काय झालं त्याची नोंद, पुढं सरकवला. त्यावर टाइप केलं होतं, "अपिलार्थी यांना माहिती देण्यात आली. त्यांचे समाधान झाले असून त्यांची तक्रार नाही." मी वाचलं. न वाचता सही केली असं झालेलं नाही. वाचून, "आठवड्यात देतो म्हणतायत तर" असा विचार करून मी सही केली.

मी २८ वर्षं विकास सेवा संस्थेत गटसचिव होतो. कर्जाच्या कागदावरची एक सही माणसाला कुठं नेऊन सोडते ते रोज बघितलेला माणूस मी. तरी सही केली, कारण समोरचा माणूस नीट बोलत होता.

आठवड्यानं गेलो तर "साहेब मीटिंगला गेलेत". दिवाळीनंतर गेलो तर "झेरॉक्स मशीन बंद आहे, येऊन जावा". जानेवारीत जिल्हा परिषदेच्या निवडणुकीची आचारसंहिता लागली, तर म्हणाले "आता काही देता येत नाही". माहिती अधिकाराचा आचारसंहितेशी काहीही संबंध नाही, हे तेव्हा मला ठामपणे सांगता आलं नाही. मग मार्चअखेरची बिलं. मग बदल्या. नवीन आलेल्या क्लार्कनं फाईल काढली आणि माझ्यासमोर माझीच सही ठेवली. "काका, तुम्हाला माहिती मिळाली म्हणून तुम्हीच लिहून दिलंय की." मला तिथं काही बोलता आलं नाही. बाहेर येऊन एसटी स्टँडवर बराच वेळ बसून राहिलो.

दुसरं अपील पहिल्या अपिलाच्या निर्णयापासून ९० दिवसांत करायचं असतं. ते दिवस "आठवड्यात देतो" मध्येच संपले होते. उशिराचं कारण पटलं तर आयोग मुदतीनंतरही अपील दाखल करून घेऊ शकतो, ही तरतूद कायद्यातच आहे, पण ती मला फार उशिरा कळली. आणि कळली असती तरी त्या सहीचं काय करणार होतो?

२०१७ च्या पावसाळ्यात पुन्हा पाणी आलं. डिसेंबरमध्ये नव्यानं अर्ज केला, या वेळी वरच्यासारखी कागदांची नावं लिहून आणि सोबत अभिलेख, म्हणजे मूळ फाईल, बघायला द्या अशी मागणी करून. मे २०१८ मध्ये फाईल माझ्या हातात आली. अंदाजपत्रकात जुना थर काढण्याची बाब होती. मोजमाप पुस्तकात ती पूर्ण लांबीत केल्याची नोंद होती आणि त्याचे पैसे दिले होते. जागेवर जुना थर तसाच, त्याच्यावर नवा रस्ता. माझ्या सहाही प्रश्नांची उत्तरं त्या दोन पानांत होती.

आणि निविदेतलं अटीचं पान उलटलं तर दोषदायित्व कालावधी दोन वर्षांचा. ३१ मार्च २०१८ ला संपलेला. त्या मुदतीत दोष दाखवला असता तर ठेकेदाराला स्वखर्चानं दुरुस्त करावं लागलं असतं, त्याची अनामतही अडकलेली असते. मी पोचलो तेव्हा अनामत परत गेली होती. तक्रार केली, चौकशीचं पत्र आलं, पुढं काही नाही. शेवटी ३८ हजार रुपये घालून आम्हीच सोप्याची जमीन उचलली. आई तोवर गेली होती.

म्हणून म्हटलं, तुमच्याकडं महिने नाहीत. तुमचा रस्ता नवा आहे. दोषदायित्व किती ते काम बघून ठरतं, आधी ती तारीख काढा. ती तारीख तुमची खरी मुदत आहे. कागद हातात आले की त्या मुदतीच्या आत लेखी तक्रार द्या, पोच घ्या.

मी वकील नाही, माझ्या अनुभवावरून सांगतोय, आणि नियम मधून मधून बदलतात, तेव्हा एकदा खात्री करून घ्या. पण तुमच्या जागी मी असतो तर उद्याच नवा अर्ज टाकला असता. पहिल्या अपिलाची मुदत शिल्लक असेल (उत्तर हातात पडल्यापासून ३० दिवस, त्यामुळं पाकीट फेकू नका, त्यावरचा पोस्टाचा शिक्का उपयोगी पडतो) तर तेही वीस रुपयांच्या स्टँपवर करून ठेवा. पण भिस्त नव्या अर्जावर. थेट आयोगाकडं तक्रार करायला बरेच जण सांगतील. कलम १८ च्या तक्रारीत आयोग दंडाचा विचार करू शकतो, माहिती द्या असा आदेश त्यात मिळत नाही. त्यासाठी कलम १९ च्या अपिलाच्या वाटेनंच जावं लागतं. तुम्हाला दंड पाहिजे की कागद? मला विचाराल तर कागद.

रस्ता कुणाचा तेच माहीत नसेल, ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, बांधकाम खातं, प्राधिकरण, तरी अडून बसू नका. चुकीच्या ठिकाणी अर्ज गेला तर कलम ६(३) प्रमाणं पाच दिवसांत तो योग्य ठिकाणी पाठवायची जबाबदारी त्यांची. "हे आमच्याकडं येत नाही" असं तोंडी सांगून अर्ज परत देऊ लागले तर घेऊ नका. आवक शिक्का मारत नसतील तर स्पीड पोस्टानं पाठवा.

कागदांच्या झेरॉक्सची वाट बघण्यापेक्षा अभिलेख बघायला जा. पहिला तास फुकट असतो. सोमवारी दुपारी ३ ते ५ अभिलेख बघू द्यावेत असं शासनाचं २०१८ चं परिपत्रकही आहे, ते सोबत ठेवा. फाईलला पानांचे क्रमांक आहेत का बघा, नसतील तर तुमच्या टिपणात तसं लिहा. पाहिजे त्या पानांचे क्रमांक काढून तिथंच लेखी मागणी करा, दोन रुपये पान. कायद्यात कामाची पाहणी करण्याचा आणि वापरलेल्या साहित्याचा प्रमाणित नमुना घेण्याचाही हक्क आहे. हा हक्क कुणी वापरत नाही. काँक्रीटच्या दर्जाची शंका असेल तर वापरा.

"फाईल आढळून येत नाही" असं आलं तर घाबरू नका आणि गप्पही बसू नका. फाईल न सापडणं हे माहिती नाकारण्याचं कारण म्हणून कायद्यात कुठंच नाही. तो अभिलेख कोणत्या वर्गात मोडतो, नष्ट केला असेल तर कोणत्या आदेशानं, याची नोंद मागा. सार्वजनिक अभिलेख बेकायदा नष्ट केला तर महाराष्ट्रात २००५ च्या अभिलेख कायद्याखाली पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. हे वाक्य अर्जात शांतपणे लिहिलं की बऱ्याचदा फाईल सापडते.

आणखी एक, थोडं विषय सोडून. तुमच्या पोस्टखाली कुणीतरी दूध संस्थेचे हिशेब असेच मागता येतील का विचारलंय. आपल्या जिल्ह्यात हे प्रत्येकाला विचारावंसं वाटतं. सहकारी संस्था सरसकट या कायद्याखाली येत नाही, सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ चा निकाल आहे. पण सहकार खात्याच्या निबंधकाला कायद्यानं त्या संस्थेकडून जी माहिती घेता येते ती निबंधक कार्यालयाकडं मागता येते, म्हणजे लेखापरीक्षण अहवाल वगैरे. संस्थेत जाऊन हुज्जत घालू नका, तालुक्याच्या निबंधकाकडं अर्ज करा. मी टेबलाच्या त्या बाजूला होतो, म्हणून सांगतो.

मी अर्ज दिल्यानंतर दोन दिवसांत ठेकेदाराचा माणूस घरी आला होता. माझं नाव त्याला कुणी सांगितलं ते मी विचारलं नाही, तुम्हीही विचारू नका. चहा द्या, अर्जाबद्दल एक शब्द बोलू नका, आणि तो कधी आला, काय बोलला ते वहीत लिहून ठेवा. दमदाटी झाली तर मात्र लगेच पोलिसांत लेखी द्या. चहाच्या टपरीवर बसून "मिटवून घेऊ" म्हणतील, तिथं जाऊच नका.

आणि सुनावणी लागली तर एकटे जाऊ नका, वहिनींना किंवा भावाला सोबत घ्या. रोजनाम्यावर सही मागतात, ती हजेरीची असते. सहीच्या वर स्वतःच्या हातानं लिहा, "फक्त हजेरीसाठी. मागितलेली माहिती आज रोजी मिळालेली नाही." खाली तारीख आणि वेळ. असं लिहू देत नसतील तर सही करू नका, बाहेर येऊन त्याच दिवशी झालेला प्रकार लेखी कळवा आणि आवक क्रमांक घ्या. थोडे कागद दिले तर कोणते दिले, किती पानं, ते मोजून लिहा. साहेब कितीही चांगलं बोलले तरी.

तुमचं पत्र नाव-पत्ता झाकून इथं टाका, कामाचं नाव आणि वर्षही लिहा. १५० शब्दांत बसणारा अर्ज मी आज संध्याकाळी लिहून देतो. सोमवारी अभिलेख बघायला जाणार असाल तर पेन्सिल न्या, फाईल बघताना काही ठिकाणी पेन जमा करून घेतात.