वाचकांचे प्रश्न : हानी लोकांची देवराई, पिवळा भात आणि बांबूच्या चांदण्या

प्रश्न : चीनमधल्या हानी लोकांकडे पण देवराई असते असं वाचलं. ती आपल्यासारखीच असते का? (एक वाचक, महाड)

उत्तर : हो असते, आणि नुसती असते असं नाही, सगळं गाव तिच्या जिवावर चालतं. हे लोक युन्नान प्रांतात आयलाव डोंगररांगेत राहतात, युआनयांग वगैरे भागात, लाल नदीच्या दक्षिणेला. गावाची मांडणी कशी बघा, सगळ्यात वर जंगल, त्याखाली गाव, आणि गावाखाली भाताची खाचरं उतरत उतरत पार दरीपर्यंत, काही उतारांवर तर तीन हजारांपर्यंत पायऱ्या होतात. वरच्या जंगलात मुरलेलं पाणी झऱ्यांतून, पाटांतून गावात येतं आणि तिथून खाचरात. (२०१३ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून घेतलं ते हेच.)

तर गावाच्या वरच्या अंगाला एक राखलेलं रान असतं आणि त्यातलं एक झाड म्हणजे गावदेव. सरळसोट वाढलेलं, निरोगी झाड निवडतात, बुंध्याशी दगड, बस. देऊळ नाही, मूर्ती नाही. वसंतात आंगमातू नावाचा सण येतो तेव्हा मिगू, म्हणजे गावाने निवडलेला पुजारी, तिथे डुकराचा बळी देतो आणि मटणाचे वाटे घरटी सारखे होतात, श्रीमंताला जास्त गरिबाला कमी असं काही नाही. मग गल्लीत टेबलाला टेबल लावून सगळ्या गावाची पंगत बसते. पूजेला बायकांना रानात जाऊ देत नाहीत, हे मला अजिबात पटत नाही, पण आहे ते सांगितलं पाहिजे.

वर्षभर त्या रानात कुऱ्हाड चालत नाही, गुरं सोडत नाहीत. आता हे फक्त श्रद्धेचं आहे म्हणावं तर वरचं रान तुटलं की खालची खाचरं कोरडी पडणार हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. आपल्याकडे मला वाईट वाटतं ते इथेच, कित्येक देवरायांत जीर्णोद्धाराच्या नावाखाली स्लॅबचं देऊळ उभं राहतं, गाड्या लावायला जागा हवी म्हणून चार जुनी झाडं जातात आणि देव खूश झाला असं आपण समजतो. हानी लोकांचा देव झाडच असल्यामुळे तिथे असं करायची सोयच नाही.

प्रश्न : त्यांच्या पिवळ्या भाताचा फोटो बघितला. हळद घालतात का? घरी करता येईल? (एक वाचक, सांगली)

उत्तर : हळद नाही ताई, फुलं. बडलेया नावाच्या झुडपाची एक जात तिकडे डोंगरात होते, तिला वसंतात बारीक फुलांचे झुपके येतात. ती फुलं वाळवून ठेवायची, लागतील तेव्हा पाण्यात उकळायची, पाणी गाळून घ्यायचं आणि त्यात चिकट तांदूळ भिजत घालायचा, तांदळाने रंग पकडला की निथळून वाफवायचा. वाफ येते तेव्हा मधासारखा वास सुटतो. रंग देणारं द्रव्य क्रोसिन, म्हणजे आपल्या केशरात असतं तेच, म्हणून तो पिवळा हळदीच्या पिवळ्यासारखा भडक दिसत नाही.

हा भात लावणीच्या तोंडावर करतात, सोबत लाल रंगवलेली अंडी. कोकिळेच्या जातीचा एक पक्षी ओरडायला लागला की शेतीची वेळ झाली, त्याच्या स्वागताला हा नैवेद्य. आधी पूर्वजांना, मग घरच्यांना.

घरी करायचा तर एकच विनंती, नर्सरीतलं कुठलंही बडलेया आणून उकळू नका, बागेत लावतात त्या जाती वेगळ्या आणि त्यांच्यावर फवारणी झालेली असते. चार काड्या केशर वापरा, रंग जवळपास येईल. वास मात्र तो नाही.

प्रश्न : थायलंडला चियांग रायजवळ आखा लोकांच्या गावात लाकडी कमान दिसली, वर बांबूच्या चांदण्या. गाइडने हात लावू दिला नाही. काय असतं ते? (एक वाचक, पुणे)

उत्तर : गाइडने बरोबर केलं. आखा हे हानींचेच भाऊबंद, दक्षिण युन्नानपासून म्यानमार, लाओस, थायलंडपर्यंत पसरलेले. ती कमान म्हणजे माणसांची हद्द कुठे संपते आणि रानातल्या भुताखेतांची कुठे सुरू होते त्याची खूण. बांबूच्या पट्ट्या विणून केलेल्या चांदण्या वाईट शक्ती अडवायला, आणि बाजूला बाई-पुरुषाच्या लाकडी बाहुल्या असतात त्या इथे माणसं राहतात हे सांगायला. दरवर्षी नवी कमान उभारतात आणि जुनी पाडत नाहीत, तशीच कुजू देतात, म्हणून काही ठिकाणी ओळीने तीन-चार दिसतात. बाहेरच्याचा हात लागला तर गावाला शुद्धीसाठी बळी द्यावा लागतो, तो भुर्दंड गावावर पडू नये म्हणून लांबूनच बघायचं, आणि फोटो काढायचा तर आधी गावात कुणाला तरी विचारायचं.