वाचकांचे प्रश्न : शोकेसमधला रणगाडा रिमोटवर

प्रश्न : माझ्याकडे १/३५ प्रमाणातले टायगर रणगाड्याचे प्लॅस्टिकचे किट आहे. ते अजून जोडायला घेतलेले नाही. त्यात मोटर बसवून तो रिमोटवर चालवता येईल का, आणि त्यासाठी कोणते सामान आधी घ्यावे? लॅमिंग्टन रोडला जाण्यापूर्वी यादी हाताशी असावी, अशी इच्छा आहे.
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : चालवता येईल. किट अजून जोडलेले नाही ही तर मोठीच सोय आहे, कारण जोडून रंगवलेले मॉडेल पुन्हा उघडायला गेले की निम्मे बारीक भाग हातात येतात. यादी मात्र तूर्त बाजूला ठेवावी. या विषयावर येणाऱ्या पत्रांत रिमोट, रिसीव्हर आणि बॅटरी यांचीच चौकशी अधिक असते. प्रत्यक्षात असे रूपांतर फसते ते चाके, आस आणि चाकांभोवतीचे साखळीसारखे पट्टे यांच्यापायी. म्हणून विजेच्या सामानावर एक रुपयाही खर्च करण्याआधी रणगाडा नुसत्या बोटाच्या धक्क्याने मोकळा चालतो की नाही, हे पाहावे.

मोटर बसवणे म्हणजे किटची विटंबना, असे मानणारे शोकेसवाले आपल्याला भेटतीलच. त्यांना एवढेच सांगावे की १/३५ हे प्रमाण रूढ झाले तेच मुळी मोटरमुळे. जपानच्या टामिया कंपनीने १९६१ साली काढलेल्या पँथर रणगाड्याच्या किटमध्ये मोटर आणि बॅटऱ्या मावाव्यात या हिशेबाने मॉडेलचा आकार ठरला, आणि पुढे तेच प्रमाण कायम झाले. त्या काळच्या कित्येक किटांच्या पोटाला बटणासाठी ठेवलेली भोके आजही तशीच आढळतात.

आता चाकांकडे वळू. टायगरच्या प्रत्येक बाजूला आठ आस असून त्यांवरची चाके एकमेकांच्या फटीत शिरलेली असतात. त्यामुळे एक आस जरासा वाकडा चिकटला तरी शेजारची चाके घासू लागतात आणि तो भार मोटरवर पडतो. सर्व आस सपाट काचेवर ठेवून एका पातळीत चिकटवावेत आणि गोंद पूर्ण वाळेपर्यंत त्यांना हात लावू नये. प्लॅस्टिकच्या आसांच्या जागी पितळी नळी आणि तिच्यात फिरणारी पोलादी तार बसवली तर उत्तमच. नागदेवी स्ट्रीटच्या हार्डवेअरच्या दुकानांत या वस्तू मिळतात. पोलाद मुंबईच्या हवेत लवकर गंजते, म्हणून त्याला तेलाचा हात लावून ठेवावा. तेल मात्र पट्ट्यांना लागू देऊ नये. पितळ आणि प्लॅस्टिक जोडताना मॉडेलचा पातळ गोंद कामाचा नाही, कारण तो प्लॅस्टिक विरघळवून प्लॅस्टिकलाच सांधतो. धातूसाठी अ‍ॅरल्डाइटसारखा दोन नळ्यांचा गोंद घ्यावा.

दात्यांचे चाक, म्हणजे मोटरच्या जोरावर फिरून पट्टा ओढणारे चाक, हा सर्वांत दगा देणारा भाग. किटमध्ये ते बहुधा मऊ पॉलिथिनच्या टोपीवर दाबून बसवायचे असते. पॉलिथिनला कोणताच गोंद नीट धरत नाही, आणि नुसत्या दाबावर बसलेले चाक मोटरचा जोर येताच आसावर घसरते. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की मोटरमध्ये दम नाही. खात्री करण्यासाठी आसाच्या टोकावर आणि चाकाच्या तोंडावर मिळून पेन्सिलीची एकच सरळ रेघ ओढावी व पट्टा हाताने धरून मोटर क्षणभर फिरवावी. रेघेचे दोन तुकडे एकमेकांपासून सरकले, तर चाक घसरते आहे असे समजावे. त्यावर उपाय म्हणजे टोपी काढून टाकून चाकाच्या मध्यभागी पितळी तुंबा (दांडा ज्यात शिरतो तो मधला भाग) बसवणे आणि मोटरचा एका बाजूने चपटा असलेला दांडा त्यात घट्ट बसवणे.

टायगरचे दात्यांचे चाक पुढे असते, ही गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही. रणगाडा पुढे जाताना हे चाक पट्टा वरून ओढते. तो ताण वरच्या पट्ट्यातून मागच्या चाकाला वळसा घालून जमिनीपर्यंत पोहोचतो, म्हणजे मागच्या चाकावर पट्ट्याची ओढ वरून आणि खालून अशी दुहेरी येते. त्या चाकाला धडाशी जोडणारा किटमधला प्लॅस्टिकचा हात ती सोसत नाही. तो वाकतो, पट्टा ढिला पडतो आणि वळताना उतरतो. हा एक हात धातूचा करावाच, आणि पुढेमागे सरकवून ताण बदलता येईल असा ठेवावा. किटमधील पट्टे रबरासारख्या व्हिनाइलचे असतील तर ते ताणून बसवू नयेत, वर थोडा झोल राहू द्यावा. जोड तापवलेल्या पेचकसाच्या टोकाने दाबून शिवाय बारीक तारेने टाचावा. कड्या एकमेकींना चिकटवून बनवायचे पट्टे शोकेससाठीच ठीक; चालत्या रणगाड्याला तारेच्या खिळ्यांनी गुंफलेल्या धातूच्या कड्या अधिक टिकतात आणि त्यांच्या वजनाने पकडही येते.

एवढे झाल्यावर, मोटर बसवण्यापूर्वी, सनमायकाची फळी किंचित तिरकी धरून रणगाडा तिच्यावर सोडावा. तो स्वतःच्या वजनाने खाली येऊ लागला तर पुढे जावे, अडला तर घासणारे चाक शोधावे.

मोटरचा वेग अंदाजाने घेऊ नये, मोजून घ्यावा. खऱ्या टायगरचा रस्त्यावरचा वेग ताशी ३८ किलोमीटर धरला, तर ३५ पटींनी लहान मॉडेलने सेकंदाला सुमारे ३० सेंटिमीटर जायला हवे. दात्यांच्या चाकाचा व्यास समजा २४ मिलिमीटर भरला, तर त्याचा परीघ साडेसात सेंटिमीटर होतो, म्हणजे सेकंदाला चार आणि मिनिटाला २४० फेरे पुरेत. याहून वेगवान मोटर घेतली की रणगाडा झुरळासारखा पळतो. एन-२० नावाच्या गिअरबॉक्ससह येणाऱ्या दोन छोट्या मोटरी या कामी येतात. त्यांची जाडी १२ बाय १० मिलिमीटर, लांबी दांडा सोडून साधारण २५ मिलिमीटर असते. दोन्ही एका रेषेत, पाठीला पाठ लावून बसवायच्या तर ५० मिलिमीटर आणि तारांच्या टोकांसाठी आणखी थोडी जागा धडात आतून हवी. आपल्या किटची रुंदी आतून मोजावी आणि जागा अपुरी पडली तर काटकोनात दांडा निघणाऱ्या मोटरी घ्याव्यात.

राहिले विजेचे सामान. ते थोडक्यात सांगता येते: २.४ गिगाहर्ट्झचा रिमोट व छोटा रिसीव्हर, ब्रश असलेल्या मोटरींसाठी दुहेरी स्पीड कंट्रोलर (दोन्ही मोटरींचा वेग सांभाळणारे यंत्र) आणि एक लहान बॅटरी. कंट्रोलर घेताना मोटर अडकली असता ती किती प्रवाह ओढते, तो आकडा पाहावा. मोकळी फिरतानाचा नव्हे. रिमोटच्या एकाच काडीने वेग आणि वळण साधण्यासाठी कंट्रोलरमध्ये किंवा रिमोटमध्ये मिक्सिंग, म्हणजे काडीच्या हालचालीवरून दोन्ही मोटरींचे वेग ठरवण्याची सोय, असावे. प्रत्येक मोटरच्या दोन टोकांत १०४ असा छाप असलेला सिरॅमिक कपॅसिटर सोल्डर केला, की ब्रशच्या ठिणग्यांचा रिसीव्हरला होणारा उपद्रव कमी होतो. बुरूज फिरवण्याचा मोह मात्र रणगाडा नीट वळू लागेपर्यंत आवरावा.

प्रश्न : लिथियम पॉलिमर बॅटरी घरात चार्ज करणे सुरक्षित आहे का? आमचे घर लहान आहे.
– एक वाचक, लालबाग

उत्तर : त्याच बॅटरीसाठी बनवलेला चार्जर वापरला आणि कोणीतरी समोर बसून राहिले, तर आहे. एका सेलचा दाब पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट असतो. तो ३ व्होल्टच्या खाली जाऊ देऊ नये. चार्जिंग लादीवर करावे, गादीवर किंवा वर्तमानपत्रावर नव्हे, आणि रात्री लावून झोपू नये. फुगलेली बॅटरी पुन्हा चार्ज करू नये, कचऱ्याच्या डब्यातही टाकू नये. ती ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्यावी.

प्रश्न : मला १९७१ च्या युद्धातील आपला सेंच्युरियन करायचा आहे. तो टायगरपेक्षा अवघड जाईल का?
– एक वाचक, बोरिवली

उत्तर : उलट सोपा जाईल. बसंतरच्या लढाईत सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल ज्यातून लढले, तो पूना हॉर्सचा रणगाडा सेंच्युरियनच होता. त्याचे दात्यांचे चाक मागे असल्यामुळे पुढे जाताना ओढ खालच्या पट्ट्यावर राहते आणि वरचा भाग सैल असतो. पट्टा ताणून धरणाऱ्या पुढच्या चाकाला टायगरच्या मागच्या चाकाइतके सोसावे लागत नाही. बाजूच्या पत्र्यांमुळे पट्ट्याची वरची धाव झाकली जाते, त्यामुळे तिथल्या छोट्या चाकांऐवजी गुळगुळीत पट्टी बसवली तरी कोणाला कळत नाही. हे पत्रे चिकटवून टाकू नयेत, बारीक स्क्रूने लावावेत, कारण पट्टा उतरला की तेच आधी काढावे लागतात. काम सुरू करण्यापूर्वी अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात एक फेरी मारून खरा पट्टा किती झोलाने लोंबतो, ते पाहून यावे.