व्हॉलीबॉल: पाय कुठून उचलला ते बघा

व्हॉलीबॉल नव्याने शिकणाऱ्यांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी काही इथे घेतले आहेत. उत्तरे सहा खेळाडूंच्या इनडोअर खेळाच्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे आहेत. बीच व्हॉलीबॉलला ती लावू नका, तिथले नियम बरेच निराळे आहेत.

प्रश्न: पॉइंट मिळाला की दर वेळी जागा बदलायच्या का? आमच्यात यावरून रोज वाद होतो.

नाही. सर्व्हिस तुमचीच होती आणि पॉइंटही तुम्हीच घेतला, तर कोणी हलायचे नाही. तोच खेळाडू पुन्हा सर्व्हिस करतो. सर्व्हिस समोरच्यांची असताना रॅली तुम्ही जिंकलीत, तर पॉइंटही तुमचा आणि सर्व्हिसही तुमची. अशा वेळीच सगळ्यांनी घड्याळाच्या दिशेने एक-एक जागा सरकायचे.

जागांचे आकडे पाठ करून टाका. नेटकडे तोंड करून उभे राहिलात की मागे उजवीकडे १, त्याच्या पुढे नेटजवळ २, पुढे मध्ये ३, पुढे डावीकडे ४, मागे डावीकडे ५, मागे मध्ये ६. या सरकण्यात, म्हणजे रोटेशनमध्ये, २ वरचा खेळाडू १ वर येतो आणि सर्व्हिस करतो, १ वरचा ६ वर जातो. सेटच्या सुरुवातीला समोरच्यांची सर्व्हिस घेणाऱ्या टीमची नेमकी इथेच फसगत होते. तिला पहिल्यांदा सर्व्हिस मिळते तेव्हा आधी रोटेशन होते, म्हणून तिची पहिली सर्व्हिस सुरुवातीला २ वर असलेल्याने करायची. सुरुवातीला १ वर असलेल्याचा नंबर शेवटी लागतो. चुकीच्या माणसाने सर्व्हिस केली तर पॉइंट आणि सर्व्हिस समोरच्यांना जाते.

सर्व्हिस येत असताना घेणाऱ्या टीमचा क्रम बरोबर लागतो. ५ ची तुलना ४ शी, ६ ची ३ शी, १ ची २ शी. मागच्याने आपल्या पुढच्यापेक्षा नेटच्या जवळ उभे राहायचे नाही. आडव्या रांगेत मधला खेळाडू मध्येच हवा. हे सगळे पायांवरून ठरते, खांद्यावरून नाही. सर्व्हिस झाली की कुठेही पळा.

प्रश्न: सर्व्हिस करताना रेघेवर पाय पडला तर काय? आणि माझी अंडरहँड सर्व्हिस सरळ वरच जाते.

चेंडूला हात लागतो त्या क्षणी (उडी मारून सर्व्हिस करत असाल तर पाय जमीन सोडतो त्या क्षणी) शेवटची रेघ किंवा कोर्ट पायाखाली असता कामा नये. त्यानंतर कोर्टात खुशाल उतरा. पंचांच्या शिट्टीनंतर ८ सेकंदांत फटका बसायला हवा. हातातल्या चेंडूला तसाच फटका मारणे ही चूक आहे, आधी तो हातातून सुटलेला हवा.

आता वर जाणारा चेंडू. उजव्या हाताने खेळत असाल तर डावा पाय पुढे, चेंडू डाव्या हातात कमरेच्या उंचीवर, उजव्या खांद्याच्या समोर धरा. तो उडवू नका, नुसता हलकेच सोडा. उजवा हात कोपरातून सरळ ठेवून मागून पुढे आणा आणि तळव्याच्या टाचेने चेंडूच्या मागच्या-खालच्या बाजूला मारा. त्याच वेळी वजन मागच्या पायावरून पुढच्यावर आले पाहिजे. हात पुढे जाण्याऐवजी वर वळल्यावर चेंडूला लागला, की तो छताकडे जाणारच. मुख्य कारण बहुधा हेच असते, ताकद कमी पडणे हे नव्हे.

प्रश्न: सर्व्हिस नेटला लागून पलीकडे पडली तर पुन्हा घ्यायची?

नाही, खेळ चालू राहतो.

प्रश्न: समोरच्यांचा स्मॅश घेताना चेंडू हाताला लागून खांद्यावर आदळला, शिट्टी नाही. आमच्या सेटरचा (स्मॅशसाठी चेंडू उचलून देणाऱ्याचा) चेंडू मात्र दोन हातांना जरा पुढे-मागे लागला तर डबल टच दिला. हा कुठला न्याय?

न्याय बरोबर आहे. टीमला मिळणाऱ्या तीन स्पर्शांपैकी पहिल्याला नियमाने मोकळीक दिली आहे: एकाच हालचालीत चेंडू शरीराच्या दोन जागांना लागला तरी चालतो, फक्त तो पकडलेला किंवा फेकलेला नसावा. दुसऱ्या आणि तिसऱ्या स्पर्शाला ही सवलत नाही. पंच दोन बोटे दाखवतात तो डबल टच. तळवा वर करून हात सावकाश उचलतात ते लिफ्टिंग, म्हणजे चेंडू पकडणे किंवा फेकणे.

सेटरच्या हातून असे होते त्याचे कारण बहुतेकदा पायांत असते. चेंडूखाली पोचायला उशीर झाला, की अंग तिरपे होते आणि एक हात आधी लागतो. चेंडू कपाळाच्या थोडा वर यायला हवा, बोटे पसरलेली, तळवा चेंडूपासून लांब. तिथे पोचता येत नसेल तर हट्टाने बोटांनी न खेळता सरळ दोन्ही हात जोडून खालून (अंडरहँड) द्या.

प्रश्न: ब्लॉकला (नेटजवळ हात वर करून चेंडू अडवताना) लागलेला चेंडू तीन स्पर्शांत मोजतात का?

मोजत नाहीत. ब्लॉकनंतर पूर्ण तीन स्पर्श शिल्लक असतात, आणि पहिला स्पर्श ब्लॉक करणारा स्वतःच करू शकतो. पण चेंडू लागताना ब्लॉकरचा कुठलाही भाग नेटच्या वरच्या कडेपेक्षा उंच नसेल तर तो ब्लॉकच नव्हे. तो पहिला स्पर्श झाला. उडायला उशीर झालेल्या नवख्यांचे असे हमखास होते. सर्व्हिसला ब्लॉक करता येत नाही, आणि मागच्या रांगेतल्याने ब्लॉक करायचा नसतो.

प्रश्न: मागच्या रांगेतला खेळाडू स्मॅश मारू शकतो?

हो. मधल्या रेघेपासून ३ मीटरवर अटॅक लाइन असते. उडी तिच्या मागून घेतलेली हवी, रेघेला पाय लागला तरी चूक. हवेत पुढे जाऊन मारा, पुढे उतरा, हरकत नाही. रेघेच्या पुढून खेळताना चेंडूचा थोडा भाग तरी नेटच्या वरच्या कडेपेक्षा खाली असेल तर तो पलीकडे पाठवता येतो. नेटची उंची पुरुषांसाठी २.४३ मीटर, महिलांसाठी २.२४ मीटर.

प्रश्न: पाय मधल्या रेघेपलीकडे गेला तर? आणि नेटला हात लागला तर?

पायाचा काही भाग रेघेवर किंवा थेट रेघेच्या वर असेल तर चालते. पूर्ण पाय पलीकडे टेकला तर चूक. चेंडू खेळण्याच्या हालचालीत दोन अँटेनांच्या (नेटच्या दोन्ही बाजूंना उभ्या लावलेल्या काठ्यांच्या) मधल्या नेटला स्पर्श झाला तर पॉइंट जातो, आणि ही हालचाल नीट उतरेपर्यंत धरतात. म्हणून स्मॅश मारून उतरताना नेटला धरणारे हकनाक पॉइंट घालवतात. समोरच्यांच्या चेंडूने नेट तुमच्या अंगावर ढकलली तर मात्र तुमची चूक नाही.

प्रश्न: रेघेवर पडलेला चेंडू?

आत. रेघ ५ सेंटीमीटर रुंद असते आणि ती कोर्टाचाच भाग आहे. अँटेनाला लागला तर मात्र बाहेर.

प्रश्न: २४-२४ झाल्यावर २५ ला सेट संपतो का?

दोन पॉइंटांची आघाडी हवी, म्हणून २६-२४, २७-२५ असे पुढे चालू राहते. त्याला वरची मर्यादा नाही. पाचवा सेट १५ पॉइंटांचा असतो, पण तिथेही आघाडी दोनचीच लागते. त्या सेटमध्ये एक टीम ८ वर पोचली की बाजू बदलतात.