2 बाय 6 फुटांच्या इव्हॅपोरेटरसाठी शुगरहाऊसच्या छतावर वाफेचा झरोका किती मोठा ठेवावा?

अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये मेपल सिरपसाठी शुगरहाऊस, म्हणजे मेपलच्या झाडाचा रस आटवून सिरप करायचं घर, बांधताय. इव्हॅपोरेटर (रस आटवायची भट्टी आणि तिच्यावरचा पॅन) लाकडावरचा, 2 बाय 6 फुटी. छतावरचा कपोला (वाफ बाहेर जायला आढ्यावर उभारलेला, झडपा असलेला छोटा उंचवटा) केवढा करावा आणि त्याऐवजी एक्झॉस्ट फॅन चालेल का, असं तुम्ही विचारलंय.

फॅन लावू नका. तो खोलीतली हवा ओढतो, धुराड्याची ओढ मोडते आणि भट्टीचं दार उघडलं की धूर आत येतो.

आता वाफेचा अंदाज. रसात साखर 2 टक्के धरली तर 1 गॅलन सिरपला 43 गॅलन रस लागतो, म्हणजे 42 गॅलन पाणी उडवायचं. तुमच्या मापाचं यंत्र चांगल्या जाळावर तासाला 25 गॅलनपर्यंत उडवू शकतं. ते झालं सुमारे 95 लिटर पाणी, आणि त्याची वाफ होते जवळपास 160 घनमीटर. शिवाय ती जाताना खोलीतली हवाही बरोबर नेते. आपल्याकडच्या गुऱ्हाळात काहिलीवरच्या वाफेची चिंता नसते, कारण मांडव बाजूंनी मोकळा असतो. तिथे मार्चात बाहेर बर्फ आणि चारी बाजूंनी भिंती.

तुमच्या पॅनचं क्षेत्रफळ 12 चौरस फूट आहे. मी आढ्यावर 3 बाय 8 फुटांची मोकळी जागा ठेवेन, बरोबर पॅनच्या डोक्यावर. कपोल्याच्या दोन्ही लांब बाजूंना 8 फूट लांब, दीड फूट उंच झडपा करा. एकेक झडप 12 चौरस फुटांची होते, आणि सगळा हिशेब इथेच आहे. वारा सुटला की वाऱ्याकडची झडप बंद करावीच लागते, नाहीतर वाफ उलटी खाली ढकलली जाते. अशा वेळी उरलेली एकटी झडपसुद्धा पॅनएवढी हवी. दोन्ही मिळून पॅनएवढ्या केल्या, तर नेमक्या वादळी दिवशी पॅनमधला फेस आणि पातळी दिसेनाशी होते आणि सिरप करपतं.

बिजागऱ्या खालच्या कडेला, झडप बाहेर पडणारी. दोरी कप्पीवरून खाली जमिनीपर्यंत आणा. साखळी लावून झडप आडवी व्हायच्या आधीच थांबवा. पार आडवी पडली तर ओढताना जड जाते आणि तिच्यावर बर्फही साचतो. कपोल्याचं छप्पर झडपांच्या पुढे फूटभर काढा.

वर भोक मोठं पण खाली हवा यायला वाट नाही, ही नेहमीची चूक. दोन समोरासमोरच्या भिंतींत खालच्या अंगाला खिडक्या ठेवा; वर जेवढं उघडं तेवढंच खालीही. जाळासाठी लागणारी हवा वेगळी धरा.

दुसरा त्रास थेंबांचा. नुसत्या पत्र्याखाली वाफ लगेच पाणी होते. पत्र्याखाली गुळगुळीत फळ्या मारा आणि उतार 45 अंशांच्या आसपास ठेवा, म्हणजे पाणी फळीला धरून खाली ओघळतं. पॅनच्या वर आडवी पट्टी मात्र ठेवू नका. ओघळणारा थेंब तिच्या कडेला अडतो, फुगतो आणि धूळ-गंज घेऊन थेट सिरपमध्ये पडतो. पट्टी टाळता येत नसेल तर पॅनवर स्टेनलेसचा हूड (छत्रीसारखं झाकण) बसवा. त्याच्या आतल्या कडेने पन्हळ फिरवून पाणी नळीने बाहेर काढा.

आढं कापलं की छताची ताकद जाते आणि वासे भिंती बाहेर ढकलतात. भोकाच्या दोन्ही टोकांना दुहेरी तुळया, खाली वाशांना जोडणारे आडवे बांध हवेत. तिथल्या बर्फाच्या भाराचा हिशेब स्थानिक इंजिनिअरकडूनच करून घ्या.

धुराडं कपोल्यातून नेऊ नका. ते मागच्या टोकाकडून वेगळं, लाकडापासून सुरक्षित अंतर राखून काढा आणि त्याचं तोंड कपोल्याच्या माथ्याहून वर ठेवा, नाहीतर ठिणग्या आणि राख झडपांतून आत ओढली जाते.

उकळणं संपल्यावर लाकूड सुकेपर्यंत झडपा उघड्याच ठेवा. ओल्या बंद केल्या तर रात्री गोठून चौकटीला चिकटतात, आणि सकाळी दोरी सैल सोडली तरी पडत नाहीत.