मॉडेलर घ्यावा की ट्यूब ॲम्प सांभाळावा? गिटारवादकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : ऑर्केस्ट्रा आणि लग्नाच्या कार्यक्रमांत गिटार वाजवतो. माझ्याकडे २२ वॉटचा फेंडर डिलक्स रिव्हर्ब हा ट्यूब ॲम्प (काचेच्या निर्वात नळ्यांवर चालणारा ॲम्प) आहे. हल्ली जिथे जावं तिथे साउंडवाले म्हणतात, ‘लाइन द्या (थेट मिक्सरला वायर जोडा), ॲम्प नको.’ ॲम्प विकून मॉडेलर घेऊ का? – एक वाचक, पुणे

आधी एवढं बघा, की समोर बसलेल्या माणसाला तुमची गिटार कुठून ऐकू येते. मोठ्या मांडवात ॲम्पचा आवाज थेट कोणापर्यंत पोचत नाही. स्पीकरपासून चार बोटांवर ठेवलेला माइक जे उचलतो, तेच मिक्सरमधून बाहेर जातं. मॉडेलर, म्हणजे ॲम्पच्या आवाजाची डिजिटल नक्कल करणारी छोटी पेटी, नेमकं तेवढंच देतो : ॲम्प, स्पीकर आणि माइक, तिघांचा मिळून झालेला आवाज. त्यामुळे अशा कार्यक्रमात ऐकणाऱ्याचं काही बिघडत नाही.

साउंडवाल्याची अडचणही खरी आहे. गिटारचा १२ इंची स्पीकर १ वॉटवर १ मीटर अंतरावर सुमारे १०० डेसिबल देतो. २२ वॉटला त्यात १३ डेसिबलची भर पडते. ट्यूबचा गोड फाटलेला आवाज हवा म्हणून ॲम्प वर नेला, की तो गायिकेच्या माइकमध्ये शिरतो आणि मग तिचा आवाज वाढवला की गिटारही वाढते. वॉट निम्मे केले तरी फक्त ३ डेसिबल कमी होतात, म्हणून ‘लहान ट्यूब ॲम्प घेतो’ हा उपाय वाटतो तितका उपयोगी पडत नाही.

वजनाचाही विचार करा. डिलक्स रिव्हर्ब साधारण १९ किलोचा, ट्विन रिव्हर्ब २९ किलोचा. देशांतर्गत विमानात बहुतेक तिकिटांवर १५ किलो सामान नेता येतं. मॉडेलरपैकी एचएक्स स्टॉम्प सव्वा किलोच्या आसपास भरतो, क्वाड कॉर्टेक्स दोन किलोच्या आसपास. दोन्ही पाठीवरच्या पिशवीत बसतात.

आता यात जातं काय, तेही सांगायला हवं. पाठीमागून अंगावर येणारी हवा जाते, आणि नोट धरून ठेवल्यावर ॲम्पकडे वळून फीडबॅक काढायची सोय कमी होते. बरेच जण सगळे पैसे मॉडेलरवर घालतात आणि मग ड्रमच्या शेजारी उभं राहून स्वतःला ऐकू येत नाही म्हणून मॉडेलरला नावं ठेवतात. मॉडेलरच्या जोडीला स्वतःला ऐकण्यासाठी इन-इअर (कानातले मॉनिटर) किंवा १० ते १२ इंची पॉवर्ड वेज मॉनिटर (पायाशी तिरका ठेवायचा, आत ॲम्प असलेला स्पीकर) लागतोच. त्याचे पैसे पहिल्या दिवसापासून हिशेबात धरा.

टिकाऊपणात ट्यूब ॲम्प पुढे आहे, असं आमचं स्पष्ट मत आहे. ट्यूब, कपॅसिटर, ट्रान्सफॉर्मर हे सुटे भाग आहेत आणि चाळीस वर्षांनीही ते बदलता येतात. मॉडेलरचा मुख्य बोर्ड गेला तर कंपनीशिवाय इलाज नाही, आणि नवं मॉडेल आलं की जुन्याची किंमत उतरते. तेव्हा ॲम्प लगेच विकू नका. लहान मॉडेलर घ्या आणि दहा कार्यक्रम त्याच्यावर करा. जिथे गिटारला पीए (श्रोत्यांसाठीची ध्वनियंत्रणा) नाही अशा पन्नास-साठ माणसांच्या जागी आणि स्टुडिओत ॲम्पच न्या. दहा कार्यक्रमांत एकदाही ॲम्पची आठवण झाली नाही, तर खुशाल विका.

प्रश्न : घरी हेडफोनवर मॉडेलरचा पॅच (आवाजाची साठवलेली जुळणी) झकास वाटतो. स्टेजवर मात्र गिटार कर्कश होते, आणि बँड सुरू झाला की हरवूनच जाते. – एक वाचक, नाशिक

हा मॉडेलरचा दोष नाही, कानाचा गुण आहे. कमी आवाजात कानाला खर्ज आणि अगदी वरचे स्वर कमी ऐकू येतात. म्हणून घरी तुम्ही नकळत दोन्ही टोकं वाढवून ठेवता. स्टेजवर ९०–९५ डेसिबलला तीच टोकं अंगावर येतात आणि गिटार जिथे खरी राहते तो मधला पट्टा रिकामा राहतो.

पहिल्यांदा आउटपुट तपासा. मिक्सरला किंवा पॉवर्ड स्पीकरला जोडत असाल तर कॅब किंवा इम्पल्स रिस्पॉन्स, म्हणजे आयआर (स्पीकर कॅबिनेट आणि माइकच्या आवाजाची डिजिटल नक्कल), चालू हवा. तो बंद असेल तर आवाज डासासारखा गुणगुणतो. मॉडेलर खऱ्या गिटार कॅबिनेटला पॉवर ॲम्पमधून जोडत असाल तर मात्र आयआर बंद हवा, नाहीतर आवाज दोनदा स्पीकरमधून जातो आणि गोधडीखालून आल्यासारखा दबतो. स्टेजवर कॅबिनेट आणि मिक्सर दोन्ही असतील तर मॉडेलरमध्ये दोन वाटा करा आणि आयआर फक्त मिक्सरच्या वाटेवर ठेवा.

मग एक दुपार काढा. तालमीच्या जागी पॉवर्ड स्पीकर लावून सुमारे ९० डेसिबलला, ड्रमचा लूप किंवा बँड सोबत ठेवून पॅच पुन्हा बांधा. फोनवरचं डेसिबल ॲप अंदाजापुरतं चालतं. कॅबच्या ब्लॉकमध्ये लो कट (त्याखालचा खर्ज कापणारा) ८० ते १०० हर्ट्झ आणि हाय कट (त्यावरचे स्वर कापणारा) ६ ते ७ किलोहर्ट्झवर ठेवा. गिटारचा खरा स्पीकर ५ किलोहर्ट्झच्या वर झपाट्याने उतरतो, त्यामुळे या काटछाटीने काही गमावत नाही. गेन पाव हिस्सा कमी करा. रिव्हर्ब निम्मा करा, उरलेला हॉल स्वतः देतो. ६०० हर्ट्झ ते १ किलोहर्ट्झच्या मध्ये २ डेसिबल वाढवून बघा. एकट्याने वाजवताना हे थोडं नाकातलं वाटेल, पण कीबोर्ड आणि बास सुरू झाल्यावर बरोबर जागेवर बसेल.

सोलोसाठी ३ ते ४ डेसिबलची वाढ पॅचमधल्या ब्लॉकच्या साखळीच्या शेवटी द्या. ॲम्पच्या आधी दिली तर आवाज वाढत नाही, नुसती फाट वाढते. क्लीन आणि डिस्टॉर्शनच्या पॅचची पातळी मीटरवर जुळवू नका. डिस्टॉर्शन आधीच दाबलेला असतो, त्यामुळे दोन्हींचं शिखर सारखं दिसलं तरी तो जास्त मोठा वाटतो. कानाने जुळवा.

प्रत्येक हॉलसाठी पॅच बदलत बसू नका. त्या दिवसाची दुरुस्ती ग्लोबल ईक्यूमध्ये (सगळ्या पॅचना एकदम लागू होणाऱ्या टोन-नियंत्रणात) करा आणि कार्यक्रम संपला की ती शून्यावर आणा.

प्रश्न : माझा ५० वॉटचा ट्यूब हेड (स्पीकर वेगळा असलेला ॲम्प) पावसाळ्यात दगा देतो. मध्येच आवाज निम्मा होतो, कधी खरखरतो. इफेक्ट्स लूपमध्ये (मागच्या सेंड-रिटर्न जॅकमध्ये, जिथे इफेक्ट पेडल जोडतात) काही जोडलेलं नसतं. ट्यूब बदलू का? – एक वाचक, मडगाव

थांबा, ट्यूबवर पैसे घालवण्याआधी एक वीतभर पॅच केबल घ्या. लूपच्या सेंडमधून रिटर्नमध्ये ती लावून वाजवा. आवाज लगेच पूर्ववत झाला तर दोष रिटर्नच्या जॅकचा आहे. लूप रिकामा असताना सिग्नल त्या जॅकमधल्या पातळ पत्रीवरून जातो. किनाऱ्यावरच्या दमट, खारट हवेत ती पत्री काळवंडते. ॲम्प बंद, प्लग भिंतीतून काढलेला, अशा अवस्थेत पॅच केबलच्या प्लगवर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून तो रिटर्नच्या जॅकमध्ये दहा-बारा वेळा आतबाहेर करा. कार्यक्रम तोंडावर असेल तर पॅच केबल तशीच लावून ठेवली तरी चालते.

फरक पडला नाही तर स्पीकर केबल बदला. मग ॲम्प चालू ठेवून प्रीॲम्पच्या १२एएक्स७ ट्यूबवर पेन्सिलच्या मागच्या टोकाने हळू टिचकी मारा. थोडी टकटक सगळ्याच ट्यूब करतात. एखादी घणघणली किंवा कडकडली तर ती बदला. हे काम घरी होतं, या ट्यूबना बायस (ट्यूबमधून वाहणारा स्थिर प्रवाह) लावावा लागत नाही.

पॉवर ट्यूबचं तसं नाही. फिक्स्ड बायसच्या ॲम्पमध्ये ईएल३४ची जोडी बदलली की बायस पुन्हा लावावा लागतो. ईएल३४ची मर्यादा २५ वॉट; तिच्या सुमारे ७० टक्के म्हणजे साडेसतरा वॉट धरतात. प्लेटवर ४५० व्होल्ट असतील तर प्रत्येक ट्यूबमागे साधारण ३९ मिलिअँपिअर. हे मोजायला ॲम्प उघडावा लागतो आणि आतले फिल्टर कपॅसिटर प्लग काढल्यावरही जीवघेणा दाब धरून ठेवतात. ते काम ट्यूब ॲम्प जाणणाऱ्या तंत्रज्ञाकडेच द्या. काचेच्या आतली नारिंगी तार किंवा निळसर झाक दिसली तर घाबरू नका. पण राखाडी प्लेट लाल होऊ लागली तर त्याच क्षणी बंद करा.

जून ते सप्टेंबर ॲम्प आठवड्यातून एकदा अर्धा तास चालवा, स्पीकर जोडूनच. ऊब ओल घालवते. प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका, सुती कापड घाला.

प्रश्न : न्यू जर्सीहून भाऊ १२० व्होल्टचा ट्यूब ॲम्प आणतोय. इथे कसा लावू? – एक वाचक, कोल्हापूर

थेट २३० व्होल्टला लावलात तर काही क्षणांत जळेल. आधी मागच्या पट्टीवर व्होल्टेजचा स्विच आहे का ते बघा. काही ॲम्पच्या ट्रान्सफॉर्मरला आत २३०ची तार असते, ती तंत्रज्ञ जोडून देतो. तसं केल्यावर मेन फ्यूज निम्म्या अँपिअरचा घालायला विसरू नका. दोन्ही नसेल तर स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर घ्या, पट्टीवर लिहिलेल्या वॉटच्या दुप्पट क्षमतेचा. ११० व्होल्टचा मिळाला तरी निभावतं : ६.३ व्होल्टच्या हीटरला ५.८ मिळतात. मात्र त्याचं सॉकेट तीन पिनचं आणि अर्थिंग पुढे नेणारं हवं. दोन पिनच्या सॉकेटवर अर्थ तुटतो, आणि ॲम्पमध्ये दोष आला तर वीज गिटारच्या तारांपर्यंत येऊ शकते.

मॉडेलरला हा त्रास सहसा नाही. अडॅप्टरवर १००–२४० लिहिलेलं असेल तर फक्त पिन बदला.

प्रश्न : गावच्या कार्यक्रमात जनरेटर क्षणभर डळमळला आणि मॉडेलर गाण्याच्या मध्येच पुन्हा सुरू झाला. काय करावं? – एक वाचक, सांगली

मॉडेलर हा संगणकच आहे. पळभर वीज तुटली की तो पुन्हा बूट होतो आणि तोवर अर्धं कडवं निघून जातं. संगणकाला लावतात तसा ६०० व्हीएचा छोटा यूपीएस त्याला पुरतो. प्लग साउंडच्या लाइनवरून घ्या, दिव्यांच्या लाइनवरून नको. डिमरची घरघर गिटारमध्ये येते.

त्याहून महत्त्वाचं, काहीही जोडण्याआधी मल्टिमीटरने सॉकेट मोजा. थ्री-फेज जनरेटरचा न्यूट्रल सुटला असेल तर एखाद्या फेजवर ३०० ते ४०० व्होल्ट येऊ शकतात. त्यातून मॉडेलरही वाचत नाही आणि ट्यूब ॲम्पही. उलट दाब १९० वर आला तर मॉडेलर निवांत चालतो. ट्यूबच्या हीटरला मात्र ६.३ ऐवजी ५.२ व्होल्ट मिळतात, आवाज मऊ पडतो आणि असं रोज झालं तर ट्यूबचं आयुष्य घटतं. ट्यूब ॲम्पसाठी १ केव्हीएचा स्टॅबिलायझर न्यावा.

प्रश्न : मॉडेलरमध्ये आवाज उशिरा येतो, हे खरं का? – एक वाचक, वसई

साधारण २ ते ३ मिलिसेकंद. हवेत आवाजाला १ मीटर जायला जवळजवळ ३ मिलिसेकंद लागतात, म्हणजे ॲम्पपासून दोन पावलं दूर उभं राहिल्यासारखं. पण वायरलेस, डिजिटल मिक्सर, डिजिटल इन-इअर असं एकावर एक चढत गेलं की १० ते १२ होतात आणि द्रुत लयीत बोटांना जाणवतं. तेव्हा आधी वायरलेस काढून केबल लावून बघा. ब्लूटूथ स्पीकरवर मात्र वाजवूच नका, तिथे उशीर शंभर मिलिसेकंदांच्या पुढे जातो.

प्रश्न : फ्लॅटमध्ये ट्यूब ॲम्पचं रेकॉर्डिंग करायचंय. स्पीकर काढून लाइन आउटमधून घेतलं तर चालेल का? – एक वाचक, ठाणे

नाही. ट्यूब ॲम्पला स्पीकरचा भार लागतोच. तो काढला की आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये दाब एवढा चढतो की ट्यूबच्या सॉकेटवर ठिणगी पडते किंवा ट्रान्सफॉर्मरचं वेटोळंच जळतं. ॲम्पमधल्या सगळ्यात महाग भागांपैकी तो एक असतो.

स्पीकरच्या जागी लोड बॉक्स, म्हणजे आवाज न करता स्पीकरचा भार घेणारी पेटी, लावा. ॲम्पच्या मागे ८ ओहमचं सॉकेट असेल तर लोडही ८ ओहमचा. वॉट मात्र दुप्पट धरा, कारण ५० वॉटचा ॲम्प पूर्ण उघडला की छापील आकड्याच्या बराच वर जातो. त्याला १०० वॉटचा लोड घ्या. मधली केबल स्पीकरची जाड केबल हवी, गिटारची नव्हे. जोडाजोड ॲम्प बंद करूनच करा. लोडमधून येणारी लाइन ऑडिओ इंटरफेसला द्या आणि संगणकात आयआर लावा. शेजाऱ्यांना फक्त तारांची टिकटिक ऐकू येईल, पण पॉवर ट्यूब मात्र पूर्ण आवाजावर वाजवल्याइतक्याच झिजतील. लोड बॉक्स चांगलाच तापतो, त्याच्यावर वही किंवा पेडल ठेवू नका.