आतितलानला जाण्याआधी

ग्वाटेमालात आतितलान तळ्याकाठच्या गावात एखाद्या कुटुंबाकडे राहणार असशील, तर आधी तिथल्याच अँटिग्वा शहरात थोडं स्पॅनिश शिकून घे. अँटिग्वातल्या भाषाशाळांत एका विद्यार्थ्याला एक शिक्षक मिळतो. तरी घरातली आजी काक्चिकेल किंवा त्सुतुहिल या माया भाषाच बोलेल. तिच्याशी जमवायचं तर चुलीपाशी बस. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, दळून तोर्तिया थापतात. भाकरी येत असेल तर हात लवकर बसेल, पण पहिल्या दिवशी हसतीलच, हसू दे. सोबत बहुधा काळा घेवडा. शाकाहारी असशील तर त्यात डुकराची चरबी आहे का, विचारून घे.

मे ते ऑक्टोबर पाऊस. तळंच १,५०० मीटरवर, म्हणजे रात्री स्वेटर हवा.

मुलांचे फोटो मात्र आईला विचारल्याशिवाय काढायचे नाहीत. मुलं पळवण्याच्या अफवेवरून २००० साली ग्वाटेमालातल्याच तोदोस सांतोस गावात जमावाने एका जपानी पर्यटकाला ठार मारलं होतं. भीती खरी आहे, चेष्टा करू नकोस.

स्वयंसेवक म्हणून शाळा बांधायचं काम मिळालं तर गवंड्याच्या हाताखाली माल कालव, विटा उचल. भिंत त्यालाच रचू दे. त्याची रोजी आहे ती, आणि तुझी भिंत सरळ येणारही नाही.